बिनमापाची सीट

मुलुंड चेकनाक्याच्या थोडं अलीकडे, टायरवाला आणि काचवाला यांच्या मधोमध श्यामकांत मिस्त्रीचा गाळा आहे. रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, इथं ट्रक दुरुस्त करतात. दुरुस्ती काय, कुठंही होते. इथं ट्रक नटतात. मागचा हौदा, फळ्या, रंग, केबिनच्या कपाळावरची नक्षीदार पाटी, छताला बटणं टोचून केलेलं गादीकाम, झोपायचा बाक, पडदे, गोंडे. लाकूड आणि पत्रा मिस्त्रीचा. सुई आणि फोम कुंदाचा.

कुंदाला हे काम कुणी शिकवलं नव्हतं. नवरा, मधुकर, ट्रक चालवायचा आणि त्याची कंबर सतत धरायची. एकदा वैतागून तिने घरातली जुनी गादी उसवली, त्याच्या सीटमध्ये भरली आणि वरून शिवून टाकली. त्या खेपेहून मधुकर परत आला तो कुरकुर न करता. लग्नानंतर पहिल्यांदाच. तेव्हा कुंदाला कळलं की आपल्या हातात काहीतरी आहे. मिस्त्रीलाही कळलं. त्याने गाळ्याचा एक कोपरा, एक शिलाई मशीन आणि एक पंखा तिला दिला. पंख्यासाठी मात्र भांडावं लागलं.

सीट करायची म्हणजे आधी माप. दोन पिंपांवर फळी टाकायची, मागे पुठ्ठ्याचा मोठा ताव उभा करायचा. ड्रायव्हरने फळीवर बसायचं, हात स्टिअरिंगवर असल्यासारखे धरायचे आणि डोळे मिटायचे. डोळे उघडे असले की माणूस फोटोला बसल्यासारखा ताठ बसतो. मिटले की हळूहळू खरा बसतो. पोट सुटतं, एक खांदा उतरतो, मान जिथं जायची तिथं जाते. मग कुंदा मागच्या पुठ्ठ्यावर त्याच्या अंगाची रेघ खडूने ओढून घ्यायची. भलेभले दांडगे बाप्ये त्या फळीवर डोळे मिटून बसले की शाळेतल्या पोरांसारखे दिसायचे, आणि तिला उगाच माया यायची.

आता मात्र केबिन कंपनीतूनच तयार येते, सीटसकट. मिस्त्रीकडे यायचे ते हौशी मालक, नाहीतर कंबर गेलेले ड्रायव्हर. दुपारी गाळ्यात पंख्याचा आवाज तेवढा असायचा.

घरी तोही नाही. मधुकर जाऊन दोन पावसाळे झाले होते. खोपोलीच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, सीटला मान टेकली आणि गेला. "आयुष्यात एक गोष्ट नीट जागेवर लावून गेला," असं कुंदा सांगायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. ती गाडी मालकाने विकली, तिच्या हातच्या सीटसकट. मूलबाळ नव्हतं. भांडुपच्या खोलीत ती, टीव्ही आणि कुकर. त्यातल्या त्यात कुकर बोलका.

भाद्रपद सरता सरता चंद्रप्रकाश नवी गाडी घेऊन आला. घाटकोपरचा ट्रान्सपोर्टवाला, कायम घाईत, बोलताना एक डोळा फोनवर.

"कुंदाताई, फुल काम. छत, बाक, पडदे आणि सीट. कंपनीची सीट फेकून द्या. दसऱ्याला गाडी पूजेला लागली पाहिजे."

"ड्रायव्हरला पाठवा मापाला."

"ड्रायव्हर अजून ठरलाच नाहीये. तुम्ही करा ना, कुणालाही बसेल अशी."

"कुणालाही बसेल ती कुणालाच बसत नाही, चंद्रप्रकाशभाई."

"अहो ताई, एवढं काय, सीट आहे, सिंहासन नाही!" म्हणत तो गेलासुद्धा.

मिस्त्री गणपतीला गावी गेला होता तो गुडघा धरून तिथंच बसला होता. कुंदाने फोन लावला.

"बिनमापाचो फोम कापूचो नाय," मिस्त्री म्हणाला. "तुका किती वेळा सांगलंय, गो."

"ड्रायव्हरची कंबर जाते म्हणून ना?"

"ता आसाच." मागे कोंबडं ओरडत होतं, मिस्त्री ते गप्प व्हायची वाट बघत राहिला. "माझे वडील सांगायचे, रिकाम्या मापात कोणतरी येऊन बसता."

"मिस्त्री, गुडघ्याला तेल लावा आणि पडून राहा."

छत झालं. चौकटचौकट टाके, प्रत्येक चौकटीत पितळी बटण. बाक झाला. पडद्यांना गोंडे लागले. राहिली ती सीट. दसरा तोंडावर आला, ड्रायव्हरचा पत्ता नाही. एका दुपारी कुंदाने फोमचा ठोकळा फळीवर घेतला, खडू हातात धरला आणि सरासरी माणूस मनात आणायला लागली. सरासरी माणूस काही मनात येईना.

मग हात आपणच चालायला लागले.

डावीकडे दोन बोटं खोल. उजवीकडे कमरेच्या वर मुठीएवढा उंचवटा. उजवा खांदा वर, कारण कोपर खिडकीत. तरुणपणी मधुकर हौद्यावरून पडला होता, डाव्या खुब्याचं हाड वाकडं जुळलं होतं. तो चालायचा डावीकडे बुडत आणि बसायचा डावीकडे सांडत. निम्मं कापून होईपर्यंत कुंदाच्या लक्षात आलं की आपण काय कापतोय. ती थांबली. करवतीच्या पात्याला चिकटलेला भुसा झटकला. बाहेर काचवाल्याकडे कुणीतरी काच उतरवत होतं.

ती थांबली एवढंच. तिने दुसरा ठोकळा घेतला नाही. उरलेलं कापून संपवलं, चिकटवायचं सोल्यूशन लावलं, वर किरमिजी रेक्झिन ताणून बसवलं. बऱ्याच दिवसांनी त्या संध्याकाळी तिने घरी जाऊन भाजीला फोडणी घातली.

दसऱ्याला गाडीला झेंडूचे हार पडले. ड्रायव्हर आदल्या दिवशीच ठरला होता. सुयोग नाव, तिशीतला, सरळसोट उंच. केबिनमध्ये चढताना मान वाकवावी लागायची. तो सीटवर बसला, हलला, पुन्हा बसला.

"काकी, मस्त झालंय काम. झकास. फक्त सीट जरा वाकडी आहे काय?"

कुंदाच्या तोंडाशी आलं होतं, उतर, फळीवर बस, माप घेते. पण किरमिजी रेक्झिनवर दुपारचं ऊन पडलं होतं आणि डावीकडचा तो खोलगटपणा कुणाच्या तरी बसण्याने भरलेला दिसत होता.

"नवी आहे रे," ती म्हणाली. "बसून बसून होईल."

"होईल. ती माझ्यासारखी होईल, नाहीतर मी तिच्यासारखा," असं म्हणून सुयोग हसला आणि चिपळूणचा माल घ्यायला गेला.

पुढच्या खेपेला तो आला पडद्याची तार तुटली म्हणून. त्यानंतर बाहेरचा आरसा खाली घ्यायला.

"खाली कशाला?" कुंदाने विचारलं. "तू उंच आहेस."

"दिसत नाही ना नीट. रस्ता कमी, आभाळच जास्त दिसतं."

तिने आरसा खाली केला. जाताना त्याने बॉनेटवर हाताने दोनदा थापटलं, म्हशीला थापटावं तसं, आणि मग चढला. डावा पाय आधी, हाताने उचलून. कुंदा सुई हातात धरून बघत राहिली. ड्रायव्हर लोक गाडीला थापटतातच, तिने स्वतःला सांगितलं. पाय आखडला असेल.

मग तो काही न तुटताही यायला लागला. मुंबईत माल उतरवला की दुपारचा गाळ्याशी गाडी लावायचा, कागदाच्या पुडीत गरम शेंगदाणे आणायचा आणि पिंपावर बसायचा. दोघांच्या मध्ये पुडी. बोलणं फारसं नाही. चहा आला की म्हणायचा, "कमी साखरेचा." खाकरायची एक पद्धत होती, दोन छोटे आणि एक लांब. ऐकलं की कुंदाच्या मशीनवरचा पाय थांबायचा.

मधुकर असाच खाकरायचा. शेंगदाणे मात्र त्याने जन्मात कधी आणले नव्हते. तिला नेहमी वाटायचं, आणावेत. एवढंच.

ती इस्त्रीची साडी नेसून गाळ्यावर यायला लागली. टायरवाल्याने एकदा विचारलं, "काय कुंदाताई, कुठं लग्न आहे?" तिने त्याला काय ते सुनावलं. पण दुपार झाली की कान रस्त्याकडे जायचे. कितीतरी दिवसांनी दुपारची वाट बघण्यासारखं काही होतं, आणि असं असताना माणूस फार खोलात शिरत नाही. सुयोग केबिनमध्ये चढताना आता मान वाकवत नव्हता, हे तिला दिसत होतं. दिसत होतं आणि ती पुडीतले शेंगदाणे सोलत होती.

मार्गशीर्षात एका दुपारी गाळ्याच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर चारेक वर्षांची मुलगी, खरं तर कडेवर घ्यायच्या वयाची नाही, पण घट्ट धरलेली.

"कुंदाकाकी तुम्हीच ना? मी निधी. सुयोगची बायको. ही अपूर्वा."

कुंदाने स्टूल पुढे केलं. निधी बसली नाही.

"घरी असला की सारखं तुमचं नाव. म्हणून आले." ती गाळाभर बघत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी. "भांडायला नाही आले हं. म्हणजे, आले होते भांडायलाच. पण तुमचं वय बघून..."

"वय बघून भांडण राहिलं. चला, वयाचा काहीतरी उपयोग."

निधीला हसू आलं नाही. "काकी, आमच्या दाराला वरची कडी आहे. सुयोग उभ्या उभ्या लावायचा. आता टाचा उंचावतो."

कुंदाने हातातली सुई कापडात टोचून ठेवली.

"सगळ्या पँटी खाली दुमडते मी. लंगडतो म्हणून डॉक्टरकडे नेला, एक्सरे काढला. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडून वाकडं जुळलंय, वीसपंचवीस वर्षांपूर्वीचं असेल. तेव्हा हा शाळेत होता, काकी. हा कधी पडलाच नाहीये. सासूबाईंना विचारलं, त्या रडायलाच लागल्या." तिचा आवाज उतरला. "पलंगाच्या कडेला झोपतो, पाहुण्यासारखा. परवा रात्री हिला ताप होता, तर मला म्हणाला, तुम्ही काही घेतलंत का? मला. तुम्ही."

अपूर्वा आईच्या खांद्यावरून कुंदाकडे टक लावून बघत होती.

"त्या सीटवर बसायला लागला तेव्हापासून आहे हे. तुम्ही काय घातलंय हो तिच्यात?"

"फोम," कुंदा म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "उद्या त्याला घेऊन ये. सीट बदलते."

रात्रभर तिने स्वतःला एकच गोष्ट विचारली नाही: हे आपल्याला दिसत होतं ना? सकाळी गाळ्यावर गेली ती नवा ठोकळा काढून ठेवायला.

सुयोग फळीवर बसला. हात पुढे धरले, डोळे मिटले. कुंदा मागे गेली, खडूने रेघ ओढली. मानेपासून खाली, उजव्या खांद्यावरून, कमरेवरून, डावीकडे खाली सांडत. रेघ संपली तेव्हा तिने पुठ्ठ्याकडे बघितलं.

मधुकर होता. हुबेहूब.

हे माप घेऊन काय करायचं? यावरून पुन्हा तीच सीट होणार. तिने सुयोगला चहाच्या टपरीवर पाठवलं आणि मिस्त्रीला फोन लावला. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणालातरी. मिस्त्री ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं.

"त्याच्या अंगात आता त्याचा माप नाय," मिस्त्री म्हणाला. "ज्याच्याकडे असात, त्याच्याकडसून घे."

निधी दारात उभी होती. अपूर्वा खाली बसून रेक्झिनचे तुकडे एकावर एक लावत होती.

"तू बस गं फळीवर," कुंदा निधीला म्हणाली. "तो शेजारी बसलाय असं समज. डोळे मिट. आणि हाताने दाखव, कुठं कुठं येतो ते."

निधीला आधी लाज वाटली. मग तिने डोळे मिटले. हात हवेत गेला, चाचपडला आणि एका जागी थांबला.

"खांदा इथं. माझी हनुवटी बरोब्बर टेकायची. जुहूला जायचो ना आम्ही बाइकवरून, मी मागे." हात खाली आला. "कंबर इथं. अशी बारीक. मी दोन्ही हातांनी धरायचे, बोटं पुढे जुळायची." ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा. "गुडघे लांब. असे. सिग्नलला मागे वळून बघायचा, तेव्हा मान इकडे."

कुंदा खडू चालवत राहिली. हवेतल्या माणसाची रेघ पुठ्ठ्यावर उतरत गेली, सरळ आणि हलकी. इतकं स्वच्छ माप तिने कधी घेतलं नव्हतं. तिला बरं वाटलं. हे कधीचं माप, असं विचारायचं तिला सुचलं नाही.

मग ती केबिनमध्ये चढली आणि टाके उसवायला घेतले.

रेक्झिन निघालं. दसऱ्याला भरलेला फोम आतून पिवळा पडला होता, चुरा होत होता, वर्षानुवर्षं कुणी बसल्यासारखा. डावीकडचा खड्डा तिने कापला होता त्याहून खोल. तिने त्यात हात ठेवला.

उबदार होता.

सुयोग गाडीतून उतरून दोन तास होऊन गेले होते.

ती तिथंच गुडघ्यांवर बसून राहिली. खाली अपूर्वा स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती. घरी नेता आला असता तो फोम. पलंगाच्या त्या बाजूला ठेवता आला असता. कुणाचं काय गेलं असतं?

खालून निधीचा आवाज आला. "काकी, होतंय ना?"

"होतंय," कुंदा म्हणाली.

तिने करवतीचं पातं उचललं.

आधी डावी बाजू कापली. मग कंबर. मग खांदा. तुकडे लहान केले, आणखी लहान केले, गोणीत भरले. कापताना एकदा, अगदी जवळ, कुणीतरी खाकरलं. दोन छोटे. तिसरा आला नाही.

तिने गोणीचं तोंड शिवलं. टाके सरळ आले, याचाच तिला राग आला.

संध्याकाळच्या आत नवी सीट बसली. सुयोग तिच्यावर चढून बसला, थोडा हलला आणि भुवया उंचावल्या. "काकी, ही जरा तरुण आहे," तो म्हणाला. बॉनेटवर न थापटता गेला.

त्यानंतर तो गाळ्यावर आला नाही. येणार नव्हताच. कुंदा दुपारी कान रस्त्याकडे जाऊ देत नव्हती. इस्त्रीची साडी कपाटात गेली. मिस्त्री गावाहून परत आला, काही न विचारता तिच्या पंख्याला तेल घालून गेला. संक्रांत आली. टायरवाल्याने तिळगूळ दिला, तोही मुकाट.

एका दुपारी निधीचा फोन आला.

"काकी, बरा झाला!" आवाज नुसता फुललेला. "कडी उभ्या उभ्या लावतो. एक्सरे पुन्हा काढला, काही नाही, हाड स्वच्छ. डॉक्टर म्हणे, आधीचा एक्सरे दुसऱ्या कुणाचा असेल. पोटसुद्धा गेलं, काकी! आणि हसतो किती. मला फिरायला नेतो, बाइकवरून. अगदी लग्नाआधीसारखा झालाय."

"चांगलं झालं गं," कुंदा म्हणाली. "छान झालं."

"हो."

फोन चालू होता. तिकडे कुठंतरी अपूर्वा रडत होती.

"निधी?"

"काकी, मी तुम्हाला माप बरोबर सांगितलं ना?" आता आवाज अगदी हळू होता, हात तोंडावर धरल्यासारखा. "मी काही चुकले का?"

कुंदाची नजर भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर गेली, त्या सरळ, हलक्या रेघेवर.

फोनमधून, निधीच्या पलीकडून, सुयोगचा आवाज येत होता. मोकळा, प्रेमळ, कुणाशीतरी खाली वाकून बोलत असावा तसा.

"रडायचं नाही, बाळा. नाव काय तुझं? घर कुठंय? चल, सोडतो तुला."